एटीव्हीला जेट किट बसवायचे आहे, कोणता जेट घालू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ४०० सीसीच्या, चार-स्ट्रोक, एकच कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या एटीव्हीला, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या चारचाकीला, तुम्ही मोकळा सायलेन्सर आणि जास्त हवा घेणारा एअर फिल्टर बसवला आणि फिल्टरच्या पेटीचे झाकणही काढून टाकले. तेव्हापासून रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, रेस एकदम दिली की इंजिन क्षणभर दबते आणि पूर्ण रेसवर पूर्वीइतकी ओढ राहिलेली नाही. जेट किट आणून ठेवले आहे. (जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी, बारीक छिद्राची पितळी तोटी; किटमध्ये असे जेट आणि सोबतचे सुटे भाग असतात.) त्यातल्या चार मेन जेटांपैकी कोणता घालावा, कार्ब्युरेटर न उतरवता काम होईल का, आणि गाडी अधूनमधून उंच डोंगराळ भागात न्यायची असेल तर जेट पुन्हा बदलावा लागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

एखादा क्रमांक मी लगेच सांगू शकतो, परंतु त्याने तुमचे काम होईलच असे नाही. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी कार्ब्युरेटरच्या तीन वेगवेगळ्या भागांकडे बोट दाखवतात आणि त्यांतली फक्त शेवटची, म्हणजे पूर्ण रेसवर कमी झालेली ओढ, मेन जेटची आहे. बाकीच्या दोन तक्रारींना मेन जेट कितीही बदलला तरी फारसा फरक पडणार नाही. त्यामुळे कोणत्या रेसला कार्ब्युरेटरचा कोणता भाग पेट्रोल पुरवतो आणि त्या भागांची जुळवणी कोणत्या क्रमाने करायची, हे आधी पाहू. ते समजले की किटमधला योग्य जेट तुमचा तुम्हालाच सापडेल.

जेट किट स्वतःहून ताकद वाढवत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, आणि इंजिनाची सर्वाधिक ताकद मिळते ती हे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास असताना, म्हणजे थोडे जास्त पेट्रोल असताना. प्रदूषणाच्या नियमांमुळे कारखान्यातून येणारी गाडी, विशेषतः कमी रेसवर, काहीशी लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेली, ठेवलेली असते. तुम्ही हवेची आणि एक्झॉस्टची वाट मोकळी केलीत, इंजिन जास्त हवा घेऊ लागले, पण पेट्रोलची छिद्रे पूर्वीचीच राहिली, म्हणून मिश्रण आणखी लीन झाले. किटचे काम हे बिघडलेले प्रमाण पुन्हा जागेवर आणण्याचे आहे. ते आणले नाही तर केवळ ओढ कमी होऊन थांबत नाही. लीन मिश्रणावर पूर्ण रेसने गाडी बराच वेळ चालवली की ज्वलनकक्षाचे तापमान वाढते, नॉकिंग (मिश्रण ठोके देत अनियंत्रित जळणे) सुरू होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचा माथा भाजू शकतो. ज्या दोन-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेथे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून जुळवणी पूर्ण होईपर्यंत, पुढे सांगितलेली थोड्या अंतराची चाचणी सोडून, गाडी पूर्ण रेसवर पळवू नका, ही माझी पहिली विनंती आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमचा कार्ब्युरेटर कोणत्या प्रकारचा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही आणि त्याने बराच फरक पडतो. होंडा टीआरएक्स ४०० ईएक्ससारख्या गाडीत रेसची केबल थेट स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी सरकती झडप, उचलते. अंगठा जितका दाबाल तितकी स्लाइड वर जाते. सुझुकी एलटी-झेड ४०० च्या कार्ब्युरेटर असलेल्या आवृत्तीत (२००९ पासून तिला फ्युएल इंजेक्शन आले) केबल फक्त फुलपाखरू झडप उघडते आणि स्लाइड मात्र इंजिनाच्या ओढीने, रबरी डायफ्रॅमच्या आधारे, हळूहळू वर येते. या दुसऱ्या प्रकाराला सीव्ही कार्ब्युरेटर म्हणतात. त्याच्या किटमध्ये जेट आणि नीडल (स्लाइडबरोबर वर-खाली होणारी निमुळती सुई) यांच्याबरोबर बहुधा एक नरम स्प्रिंग येते आणि काही किटांत स्लाइडचे छिद्र मोठे करण्यासाठी ड्रिलचा बिटही येतो. यामाहा वायएफझेड ४५० वर आलेल्या केइहिन एफसीआर कार्ब्युरेटरला अॅक्सिलरेटर पंप, म्हणजे रेस देताच जादा पेट्रोल फवारणारा पंप, असतो. तेथे रेस एकदम दिल्यावर इंजिन दबत असेल, तर दोष जेटचा नसून त्या पंपाच्या फवाऱ्याच्या वेळेचा किंवा प्रमाणाचा असू शकतो.

जेटच्या क्रमांकांबाबतही सावध राहावे लागते. केइहिनच्या मेन जेटचा क्रमांक ढोबळमानाने छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १३० क्रमांकाचे छिद्र सुमारे १.३० मिलिमीटरचे. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या जेटचा क्रमांक त्यातून किती पेट्रोल वाहते त्यावर ठरवलेला असतो, आणि डायनोजेटसारखे किट बनवणारे स्वतःचीच मोजपट्टी वापरतात. त्यामुळे "मूळ जेट १४० होता, किटमधला १३८ आहे, म्हणजे लहान झाला" असा हिशेब वेगवेगळ्या बनावटींमध्ये करता येत नाही. एकाच बनावटीत मात्र तो करता येतो आणि करावाही. केइहिनमध्ये १३० वरून १३५ वर गेलात तर व्यास चार टक्क्यांनीही वाढत नाही, पण छिद्राचे क्षेत्रफळ जवळजवळ ८ टक्क्यांनी वाढते. दिसायला एक पायरी असली तरी इंजिनाच्या दृष्टीने ती लहान नाही.

किट उघडण्याआधी काही तपासण्या करा. जुळवणीसाठी माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांना जेटची गरजच नव्हती. फिल्टर आणि सायलेन्सर बदलण्याआधी गाडी उत्तम चालत होती आणि बदलल्याच्या दिवसापासून तक्रार सुरू झाली असेल, तर कारण बहुतेक मिश्रणाचे. मधल्या काळात गाडी काही महिने उभी होती आणि नंतर तक्रार सुरू झाली असेल, तर आधी पायलट जेटमध्ये (कमी रेसला पेट्रोल पुरवणाऱ्या लहान जेटमध्ये) साचलेल्या शिळ्या पेट्रोलच्या राळेचा संशय घ्या. ते छिद्र इतके बारीक असते की थोडा थर बसला तरी कमी रेसवर इंजिन लीन होते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरी जोडाला तडे नाहीत ना आणि त्याच्या पट्ट्या घट्ट आहेत ना, हे पाहा. आयडलवर (रेस न देता इंजिन चालू) असताना त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐका. बदलला तर तेथून हवा आत जात आहे. यासाठी ज्वालाग्राही स्प्रे वापरण्याची पद्धत आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ मी ते करत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. सायलेन्सर नुकताच बदलला असल्याने एक्झॉस्टच्या जोडावरही काजळीचे डाग शोधा. तेथून बाहेरची हवा आत ओढली गेली की रेस सोडताना हुबेहूब तुम्ही वर्णन केलेला फटफट आवाज येतो आणि मिश्रण कितीही बदलले तरी तो जात नाही. शेवटी व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (झडपेजवळची ठरावीक फट) बरोबर आहे ना ते बघून घ्या आणि नवीन स्पार्क प्लग लावा. जुन्या प्लगवर जुन्या मिश्रणाची काजळी असते, त्यावरून नव्या मिश्रणाचे काहीच कळत नाही.

फिल्टरच्या पेटीचे झाकण हा माझ्या मते वेगळा विचार करण्याजोगा विषय आहे. झाकण काढल्याने हवा वाढते हे खरे, पण एटीव्ही धुळीत, चिखलात आणि पाण्यात चालणारे वाहन आहे आणि ती पेटी इंजिनाच्या रक्षणासाठीच तेथे आहे. ओहोळ ओलांडताना आत गेलेले पाणी किंवा फिल्टरच्या कडेने शिरलेली बारीक धूळ इंजिनाचे जे नुकसान करते, त्याची भरपाई थोड्या वाढलेल्या ओढीने होत नाही. तुम्ही गाडी पाण्या-चिखलात नेत असाल तर झाकण परत लावा आणि त्या स्थितीतच जुळवणी करा. निर्णय काहीही घ्या, पण तो आत्ताच घ्या, कारण झाकण लावून केलेली जुळवणी झाकण काढल्यावर लीन होते आणि काढून केलेली लावल्यावर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेली, होते.

कार्ब्युरेटर न उतरवता काम होईल का, तर अंशतः होईल. पुष्कळ गाड्यांत दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सैल करून कार्ब्युरेटर जागेवरच आडवा फिरवता येतो आणि तळाचे फ्लोट बाउल (तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणारी वाटी) उघडून मेन जेट बदलता येतो; काही बाउलांना तर खाली त्यासाठीच मोठा बोल्ट दिलेला असतो. पुढे चाचण्यांच्या वेळी तुम्ही हेच करणार आहात. पहिल्यांदा मात्र तो पूर्ण उतरवा. फ्लोटची उंची मोजणे, पायलट जेट स्वच्छ आहे की नाही हे उजेडाकडे धरून पाहणे आणि मिश्रणाचा स्क्रू तपासणे ही कामे गाडीवर नीट होत नाहीत.

इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत, पेट्रोलचा कॉक बंद करून आणि बॅटरीची ऋण तार सोडवून सुरुवात करा. बाउलमधले पेट्रोल आधी डब्यात उतरवून घ्या. कोणती नळी कोठे जात होती याची छायाचित्रे काढा. बाउलला हवा देणाऱ्या व्हेंटच्या नळ्या परत बसवताना दुमडल्या किंवा तोंडे दाबली गेली, तर बाउलमधला दाब बदलतो, पेट्रोल नीट उतरत नाही आणि माणूस जेट बदलत बसतो. बाउलचे स्क्रू दिसायला साध्या फुलीच्या डोक्याचे असले, तरी जपानी कार्ब्युरेटरांवर ते जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) प्रमाणाचे असतात. त्यासाठी जेआयएस टोकाचा स्क्रू ड्रायव्हरच घ्या, अन्यथा डोके घासून गोल होते. जेट पितळेचे आणि कार्ब्युरेटरचे अंग मऊ मिश्रधातूचे असल्याने जेट बेताचाच आवळा. जोर लावला तर आटे जातात आणि मग अख्खा कार्ब्युरेटरच बदलावा लागतो. छिद्रात तार घालू नका, दाबाच्या हवेने साफ करा. कार्ब्युरेटर क्लीनर रबरी डायफ्रॅमला आणि ओ-रिंगांना लागू देऊ नका.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेऱ्यांनी टेकला ते लिहून ठेवा. तुमची मूळ जुळवणी हीच आहे आणि परत फिरायचे झाले तर दुसरी खूण उरत नाही. काही गाड्यांत तो स्क्रू प्रदूषणाच्या नियमांमुळे छोट्या टोपणाने बंद केलेला असतो. ते टोपण काढणे तुमच्याकडच्या नियमांत बसते का हे आधी पाहून घ्या. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग येतात. ओ-रिंग पुष्कळदा आतच चिकटून राहते, ती बाहेर आली आहे याची खात्री करा. सीव्ही प्रकारात डायफ्रॅमची कड तिच्या खाचेत सर्व बाजूंनी बसल्याशिवाय वरचे झाकण लावू नका. बसवून झाल्यावर बोटाने स्लाइड उचलून सोडा. ती सावकाश आणि अडखळल्याशिवाय खाली आली पाहिजे. स्लाइडचे छिद्र मोठे करण्याची सूचना किटमध्ये असली तरी ते काम मी नेहमी शेवटावर टाकतो, कारण मोठे केलेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. नरम स्प्रिंग आधी लावून पाहा, बहुधा तेवढ्याने भागते.

आता मूळ मुद्दा. आयडलपासून साधारण पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू काम करतात. त्याच्या वरच्या टोकाला स्लाइडच्या खालच्या कडेच्या तिरक्या कापाचाही परिणाम होतो, पण किटमध्ये तो बदलत नाहीत. पाव ते पाऊण रेसपर्यंत नीडलचे राज्य असते. निमुळती नीडल जितकी वर, तितकी तिच्याभोवतीची फट मोठी. पाऊण ते पूर्ण रेसपर्यंत मेन जेट ठरवतो. या हद्दी काटेकोर नाहीत आणि नीडलभोवतून जाणारे सगळे पेट्रोल आधी मेन जेटमधूनच आलेले असते. म्हणूनच मी मेन जेट, मग नीडल, शेवटी पायलट हा क्रम पाळतो. पायलटपासून सुरुवात करणारेही चांगले मेकॅनिक आहेत. पण मेन जेट बदलला की मधल्या रेसची जुळवणी थोडी तरी हलते, तर पायलट बदलल्याने पूर्ण रेसवर जवळजवळ काहीच होत नाही, हे पाहता वरून खाली येण्यात फेरकाम कमी होते. सुरुवातीला फक्त इंजिन आयडलवर टिकेल इतपत स्क्रू जमवून घ्या.

किटच्या पत्रकात तुमच्या गाडीसाठी आणि तुम्ही केलेल्या बदलांसाठी एक जेट सुचवलेला असेल. त्याच्यापेक्षा एक पायरी मोठा जेट घालून सुरुवात करा. रिच बाजूने खाली येताना सहसा प्लग काळा होतो आणि पेट्रोल वाया जाते, एवढेच नुकसान होते. लीन बाजूने वर जाताना पिस्टन पणाला लागतो. नीडलची उंची ठरवणारी क्लिप तिच्या मधल्या खाचेत लावा. क्लिप खालच्या खाचेत नेली की नीडल वर जाते आणि मिश्रण रिच होते, क्लिप वरच्या खाचेत नेली की लीन होते. ही उलटापालट घाईत हमखास होते, म्हणून क्लिप लावल्यावर नीडल मूळ नीडलशेजारी धरून पाहावी. कारखान्याच्या बऱ्याच नीडलींना एकच पक्की जागा असते; किटमधल्या नीडलला अनेक खाचा असतात, आणि मूळ नीडलच्या ऐवजी ती देण्याचे मुख्य कारण हेच.

गाडी जोडून झाली की इंजिन सुरू करण्याआधी रेसचा खटका दाबून सोडा आणि तो आपोआप, पूर्ण परत येतो याची खात्री करा. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवूनही हे पाहा. ही तपासणी कधीही वगळू नका. रेस उघडी अडकलेली एटीव्ही जीव घेऊ शकते. मग कॉक उघडून काही मिनिटे थांबा आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल येत नाही ना ते बघा. येत असेल तर फ्लोटची झडप बसत नाही. तसेच चालवत राहिलात तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

चाचणीसाठी रेसच्या खटक्यावर आणि त्याच्या घरावर पाव, अर्धी आणि पाऊण रेसच्या खुणा करा. खुणेशिवाय अर्धी रेस म्हणून प्रत्येक जण वेगळीच रेस देतो. इंजिन पूर्ण तापू द्या. मोकळी, सरळ, निर्मनुष्य जागा निवडा आणि हेल्मेट व बूट घालूनच बसा.

पूर्ण रेसवर वरच्या गिअरमध्ये थोडे अंतर जा. इंजिन वरच्या आरपीएमवर गुडगुडत, अडखळत असेल आणि काळा धूर देत असेल, तर जेट एक पायरी लहान करा. स्वच्छ ओढत असेल तर पूर्ण रेसवरून किंचितच, अगदी आठव्या भागाइतकी रेस कमी करून पाहा. त्या क्षणी इंजिन उलट जोर धरल्यासारखे वाटले तर मेन जेट लहान आहे, अडखळले तर मोठा आहे आणि जराशी गती कमी झाली तर जवळजवळ योग्य आहे. यानंतर पूर्ण रेसवर असतानाच किल स्विच (इंजिन बंद करण्याचे बटण) दाबा, क्लच ओढा, गाडी थांबवा आणि प्लग काढून पाहा. आयडलवर परत येऊन काढलेला प्लग आयडलचे मिश्रण दाखवतो, पूर्ण रेसचे नाही. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर प्लगचा तपकिरी रंग पूर्वीइतका विश्वासार्ह राहिलेला नाही, म्हणून पांढऱ्या चिनी मातीच्या आत, अगदी मुळाशी, काजळीचे फिकट वलय आहे का ते भिंगातून पाहावे. वलय अजिबात नसणे, मातीचा भाग चकचकीत पांढरा असणे किंवा त्यावर बारीक ठिपके असणे ही धोक्याची खूण आहे. मोठा जेट घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा) लावण्याची सोय असेल तर त्याचे वाचन मी प्लगपेक्षा वरचे मानतो. पूर्ण रेसवर १२.५ ते १३ च्या आसपास आकडा आला की मेन जेटचे काम संपले.

मग अर्ध्या रेसच्या खुणेवर, थोड्या चढावर, स्थिर चालवा. गाडी पुढे-मागे खेचल्यासारखी, हेलकावे खात चालत असेल तर नीडल लीन आहे. जड, सुस्त चालत असेल आणि तापल्यावर आणखी बिघडत असेल तर रिच आहे. शंका असेल तेव्हा चोक किंचित ओढून पाहा. इंजिन सुधारले तर ते पेट्रोल मागत होते, बिघडले तर त्याला आधीच जास्त मिळत होते. एका वेळी एकच खाच बदला. दोन खाचांच्या मधली जागा हवी असेल तर किटमधले पातळ वॉशर क्लिपखाली घालून अर्धी पायरी मिळते.

शेवटी पायलटचा भाग. तुमच्या दोन तक्रारी बहुधा येथेच सुटतील. इंजिन तापलेले असताना मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत आयडल सर्वात उंच आणि स्थिर जेथे मिळेल ती जागा शोधा, आणि मग आयडलच्या स्क्रूने गती पूर्ववत करा. स्क्रू स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा आहे, बाहेर फिरवला की मिश्रण रिच होते. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे आणि नेमके उलट होते. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर काढूनही आयडल सुधारतच राहिले तर मोठा पायलट जेट हवा, आणि एका फेरीच्या आत येऊनच चांगले चालत असेल तर लहान हवा. अनेक किटांत पायलट जेट नसतो, तो वेगळा आणावा लागतो. रेस सोडल्यावरची फटफट यानंतरही राहिली आणि एक्झॉस्टच्या जोडावर काजळी नाही, तर कार्ब्युरेटरच्या बाजूला छोट्या झाकणाखाली असणारा एअर कट व्हॉल्व्हचा डायफ्रॅम फाटला आहे का ते पाहा. रेस सोडल्यावर हवा कमी करून मिश्रण जरा रिच करणे हेच त्याचे काम असते. किंचितशी फटफट मोकळ्या सायलेन्सरवर राहतेच, तिच्यामागे लागून पायलट फार रिच करू नका.

रेस एकदम दिल्यावर दबण्याचे दोन प्रकार असतात आणि ते कानाने ओळखता येतात. इंजिन गप्प होऊन, जणू बंद पडत आहे असे वाटून मग एकदम उचलले, तर ते लीन आहे. बुडबुडत, जड होत उचलले आणि मागे धूर दिसला तर रिच. मिश्रणाचा स्क्रू अर्धी फेरी रिचकडे नेऊन तीच चाचणी पुन्हा करा, फरक लगेच कळेल. सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड फार झपाट्याने वर आली तरी पहिल्या प्रकारचे दबणे येते. नवी नरम स्प्रिंग लावल्यावर हे सुरू झाले असेल तर मूळ स्प्रिंग परत लावून खात्री करा.

उंचीबद्दल. समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंचीवर हवेची घनता जवळजवळ १४ टक्क्यांनी कमी होते. कार्ब्युरेटरमधून ओढले जाणारे पेट्रोल मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाही, ते घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होते. म्हणजे मिश्रण सुमारे ७ ते ८ टक्के रिच होते, आणि वर सांगितल्याप्रमाणे केइहिनच्या १३५ वरून १३० वर येणे हाही जवळजवळ तेवढाच फरक आहे. तेव्हा १५०० मीटरच्या फरकाला मेन जेटची अशी एक पायरी, आणि गरज वाटल्यास क्लिपची एक खाच वर, एवढे धरून चाला. सीव्ही कार्ब्युरेटर यातला काही भाग स्वतःच सांभाळून घेतो. एखाद्या दिवसासाठी वर जात असाल तर मी काहीच बदलणार नाही, कारण रिच मिश्रणावर ओढ थोडी कमी मिळेल, इतकेच. खरी काळजी उलट दिशेची आहे: उंचावर जुळवलेली गाडी तशीच खाली आणली तर ती लीन असते. तापमानाचेही हेच आहे. ३० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा ० अंशाची हवा सुमारे ११ टक्के दाट असते, म्हणून भर उन्हाळ्यात अगदी बेताने जुळवलेली गाडी कडक थंडीत लीन बाजूला सरकते. एथेनॉल मिसळलेले पेट्रोल वापरत असाल तर त्याला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागते, त्यामुळे चाचणी नेहमीच्या पेट्रोलवरच करा.

प्रत्येक चाचणीच्या वेळी जेटचे क्रमांक, क्लिपची वरून कितवी खाच, स्क्रूच्या फेऱ्या, त्या वेळचे तापमान आणि उंची वहीत लिहीत जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मूळ जेट, मूळ नीडल आणि मूळ स्प्रिंग एका डबीत जपून ठेवा. अडचण आली तर आता बसवलेल्या जेटांवर कोरलेले क्रमांक, कार्ब्युरेटरच्या अंगावरचा मॉडेल क्रमांक आणि कोणत्या खुणेवर इंजिन नेमके काय करते, एवढे कळवा. त्यावरून पुढची पायरी सांगता येईल.